अमेरिकेत मुलाचा डॉक्टर निवडताना: आधी काय, मग काय

"अगं, आम्ही विचारलं होतं. ती रिसेप्शनवरची म्हणाली, हो हो, तुमचा इन्शुरन्स आम्ही घेतो. मग हे बिल कसं आलं?"

न्यू जर्सीत आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमधून हा फोन मला इतक्या वेळा आला आहे की आता सगळं एकदाच क्रमाने लिहून ठेवते. नोकरीतून विमा मिळालेले, बाळ होणार असलेले किंवा भारतातून लहान मूल घेऊन नुकतेच आलेले आईवडील डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. डॉक्टर शोधायला आपण चुकत नाही, क्रम चुकतो. ऑफिसातल्या मित्राने घेतला म्हणून आपणही तोच प्लॅन घेतो, मग बाळ होतं, मग डॉक्टरची शोधाशोध, आणि शेवटी कळतं की मनात भरलेला डॉक्टर या प्लॅनमध्ये बसतच नाही. प्लॅन बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच, ओपन एनरोलमेंटच्या दिवसांत बदलता येतो. म्हणून शक्य असेल तर खालच्या पहिल्या तीन पायऱ्या प्लॅन निवडण्याआधी करा.

## तयारी: हे जवळ घेऊन बसा

विम्याच्या कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो. कार्डाच्या मागे मेंबर सर्व्हिसेसचा नंबर असतो, तोच वापरायचा. 'समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज' नावाचं छोटं माहितीपत्रक, जे प्रत्येक प्लॅनला द्यावंच लागतं. आणि एक वही. विम्याशी संबंधित प्रत्येक फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर या वहीत लिहा. सहा महिन्यांनी बिलावरून वाद झाला तर कामाला येते ती ही वही.

## पायरी १: आपला प्लॅन कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

कार्डावर एचएमओ, पीपीओ, ईपीओ किंवा पीओएस यांपैकी एक शब्द बहुधा असतोच. नसेल तर एचआरला विचारा.

एचएमओमध्ये मुलासाठी एक प्रायमरी केअर डॉक्टर, म्हणजे पीसीपी, नेमावा लागतो. तज्ज्ञाकडे जायचं तर सहसा त्याचं रेफरल, म्हणजे शिफारसपत्र, लागतं, आणि इमर्जन्सी सोडली तर नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेल्या, डॉक्टरचे पैसे सहसा मिळत नाहीत. ईपीओतही नेटवर्कबाहेर काही मिळत नाही, पण रेफरलची कटकट बहुधा नसते. पीपीओमध्ये बाहेरचा डॉक्टर चालतो, पण खिशातून जास्त जातात. पीओएस हा एचएमओ आणि पीपीओच्या मधला: बाहेर जाता येतं, पण पीसीपी आणि रेफरल लागतं. कॅलिफोर्नियात कायझर परमनेंटेचा प्लॅन असेल तर डॉक्टर, हॉस्पिटल, लॅब आणि फार्मसी सगळं बहुतांशी त्यांचंच असतं. तिथे डॉक्टर त्यांच्यातलाच निवडायचा असतो.

एचएमओवाल्यांचा एक गैरसमज मी नेहमी ऐकते: "बाबाचे फॅमिली डॉक्टर तेच बाळाचे पीसीपी ठेवावे लागतील." तसं नाही. प्लॅन पीसीपी नेमायला लावत असेल, तर मुलासाठी पीसीपी म्हणून नेटवर्कमधला, नवीन पेशंट घेणारा कोणताही पीडियाट्रिशियन, म्हणजे बालरोगतज्ज्ञ, निवडण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. आई, बाबा आणि मूल, तिघांचे पीसीपी वेगवेगळे असू शकतात.

इशारा: तुम्ही पीसीपी निवडला नाहीत तर विमा कंपनी स्वतःच एक नेमून टाकते. तो तुमच्या घरापासून लांब असेल किंवा मुलांना तपासतही नसेल. कार्डावर छापलेलं नाव वाचल्याशिवाय ते पाकिटात ठेवू नका.

## पायरी २: तीन नावांची यादी करा

एकच नाव घेऊन बसू नका. तीन घ्या.

अंतर आधी बघा. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या वेळापत्रकाप्रमाणे पहिली तपासणी जन्मानंतर ३ ते ५ दिवसांत, मग १, २, ४, ६, ९, १२, १५, १८ आणि २४ महिन्यांना. म्हणजे दोन वर्षांत १० फेऱ्या, आणि सर्दी-ताप-कानदुखीच्या फेऱ्या वेगळ्याच. घरात एकच गाडी, आईकडे अजून लायसन्स नाही आणि बाहेर फेब्रुवारीचा बर्फ, अशी घरं आपल्यात कमी नाहीत. चाळीस मिनिटांवरचा नावाजलेला डॉक्टर तिसऱ्या फेरीपासून जड जायला लागतो.

मग पात्रता. डॉक्टर पीडियाट्रिक्समध्ये बोर्ड सर्टिफाइड आहे का, हे अमेरिकन बोर्ड ऑफ पीडियाट्रिक्सच्या संकेतस्थळावर नाव टाकून दिसतं. लायसन्स चालू आहे का आणि काही कारवाई झाली आहे का, हे राज्याच्या मेडिकल बोर्डाच्या संकेतस्थळावर. पाच मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही. तारांकित रेटिंग मात्र सगळे वाचतात, आणि त्यातली निम्मी गाऱ्हाणी पार्किंगची असतात.

भारतीय किंवा मराठी डॉक्टरच हवा का? माझं मत असं: भाषेचा फायदा आहे, पण अंतर आणि नेटवर्क त्याच्या आधी. मऊ भात, नाचणीची पेज, तेलाचं मालिश हे समजणारा डॉक्टर मिळाला तर बोलणं सोपं होतं. नाही मिळाला तर आपण समजावून सांगायचं. बाळगुटी, काजळ, मध चाटवणं यातलं घरात काही चालू असेल तर ते डॉक्टरपासून लपवू नका. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात द्यायचा नसतो, त्यातून बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो. आजी रागावली तरी चालेल.

## पायरी ३: नेटवर्कची खात्री, तीन ठिकाणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या.

"डू यू टेक माय इन्शुरन्स?" हा प्रश्नच चुकीचा आहे. 'टेक' म्हणजे एवढंच की आम्ही तुमच्या कंपनीला बिल पाठवू. कंपनीने त्यातलं किती द्यायचं, हे डॉक्टर तुमच्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये आहे की नाही यावर ठरतं. शिवाय एकाच विमा कंपनीची अनेक नेटवर्क असतात. तुमच्या शेजाऱ्याच्या आणि तुमच्या कार्डावर कंपनीचा लोगो एकच असेल, पण नेटवर्क वेगळं असू शकतं.

पहिलं ठिकाण: कंपनीची ऑनलाइन डिरेक्टरी. लॉगिन करून शोधा, म्हणजे तुमच्याच प्लॅनचे डॉक्टर दिसतील. डॉक्टरच्या नावापाशी थांबू नका, पत्ता वाचा. हे मी स्वतः पैसे भरून शिकले. आमच्या मुलीच्या डॉक्टरची दोन ऑफिसं होती. डिरेक्टरीत नाव दिसलं, मी समाधानाने लॅपटॉप मिटला आणि घराजवळच्या ऑफिसात अपॉइंटमेंट घेतली. नेटवर्कमध्ये होतं ते दुसरं, वीस मैलांवरचं. घराजवळच्या ऑफिसचं बिलिंग वेगळ्या ग्रुपखाली होत होतं. बिल आलं तेव्हा तीन महिने उलटले होते, आणि तोवर त्याच ऑफिसात आमच्या अजून दोन फेऱ्या झाल्या होत्या.

दुसरं ठिकाण: डॉक्टरचं ऑफिस. फोन करा, जमल्यास बिलिंगचं काम बघणारी व्यक्ती मागा आणि कार्ड हातात धरून विचारा: "माझ्या कार्डावर प्लॅनचं नाव हे आहे आणि नेटवर्कचं नाव हे आहे. डॉक्टर या पत्त्यावर या नेटवर्कमध्ये इन-नेटवर्क आहेत का? नवीन पेशंट घेतात का? नवजात बाळ घेतात का?" उत्तर "आय थिंक सो" आलं तर ते उत्तर धरू नका. डॉक्टरचा एनपीआय, म्हणजे प्रत्येक डॉक्टरला दिलेला स्वतंत्र ओळख नंबर, मागून घ्या. १० आकडी असतो, आणि एकाच नावाचे दोन डॉक्टर असले की त्यावरूनच नक्की कळतं.

तिसरं ठिकाण: विमा कंपनी. कार्डामागच्या नंबरवर फोन करून एनपीआय आणि पत्ता द्या. त्यापेक्षा सुरक्षित मेसेजमधून लेखी विचारणं मला जास्त आवडतं, कारण उत्तर लेखी राहतं.

पडताळा: डिरेक्टरीच्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढला का? 'नो सर्प्रायझेस अ‍ॅक्ट' १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार कंपनीने डिरेक्टरी किमान दर ९० दिवसांनी तपासायची असते, आणि डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे का असं तुम्ही विचारलंत तर कामकाजाच्या एका दिवसात उत्तर द्यायचं असतं. त्यांच्या चुकीच्या माहितीवर विसंबून तुम्ही गेलात, तर तुमचा वाटा इन-नेटवर्क दरानेच धरावा लागतो. मात्र तेव्हा काय माहिती दिसत होती हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. त्या बिलाच्या वेळी माझ्याकडे स्क्रीनशॉट नव्हता.

## पायरी ४: सातव्या-आठव्या महिन्यात एकदा भेटून या

बरेच पीडियाट्रिशियन बाळ व्हायच्या आधी आईवडिलांना भेटतात. भेटीचे पैसे आहेत का, ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. भेटीत माझे प्रश्न ठरलेले असतात. रात्री दोन वाजता ताप चढला तर फोन कोण उचलतं? आजारी मुलाला त्याच दिवशी वेळ मिळते का, शनिवारी मिळते का? दर वेळी डॉक्टर स्वतः बघणार की नर्स प्रॅक्टिशनर? आमची डिलिव्हरी ज्या हॉस्पिटलात आहे तिथे तुम्ही येता का? येत नसतील तर बिघडत नाही, तिथले ड्यूटीवरचे डॉक्टर बाळाला तपासतात, पण ते आधी माहीत असलेलं बरं.

आणि बोलताना त्यांनी तुमचं वाक्य पूर्ण होऊ दिलं का, तेही बघा. पुढची अनेक वर्षं याच माणसाला तुम्ही घाबरलेल्या आवाजात फोन करणार आहात.

## पायरी ५: जन्मानंतरचे ३० दिवस

इथे उशीर झाला तर तो भरून काढणं फार कठीण.

१. बाळाचं नाव आधी ठरवा. बारसं बाराव्या दिवशी थाटात करा, पण जन्मदाखल्याचा फॉर्म बहुधा हॉस्पिटलातून निघण्याआधीच भरून घेतात. नाव ठरलं नसेल तर बाळाची नोंद आईच्या आडनावाने 'बेबी बॉय' किंवा 'बेबी गर्ल' अशी राहते. मग हॉस्पिटलच्या बिलावर एक नाव, विम्यात दुसरं, आणि क्लेम परत. आई माहेरचं आडनाव लावत असेल तर हे हमखास होतं. आडनाव, नाव आणि मधलं नाव सगळीकडे त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने लिहा.

२. हॉस्पिटलच्या बॅगेत एक कागद ठेवा: निवडलेल्या पीडियाट्रिशियनचं नाव, ऑफिसचा पत्ता, फोन. नर्स विचारतेच. डिस्चार्जच्या आधीच पहिली अपॉइंटमेंट पक्की करा.

३. बाळाला विम्यात घाला. नोकरीतल्या विम्यात यासाठी जन्मापासून किमान ३० दिवस मिळतात, सरकारी मार्केटप्लेसमधून स्वतः घेतलेल्या विम्यात ६०. मुदतीत अर्ज केला की विमा जन्मदिवसापासूनच लागू धरतात. सोशल सिक्युरिटी नंबर यायला काही आठवडे लागतात, त्याची वाट बघत बसू नका. त्याच्याशिवाय अर्ज करा, नंबर आला की नंतर भरा.

४. एचएमओ किंवा पीओएस असेल तर बाळाचा पीसीपी त्याच वेळी नोंदवा.

इशारा: "आईच्या विम्यात बाळ आपोआप येतं" हे कोणी कितीही ठामपणे सांगितलं तरी एचआरकडे अर्ज केल्याशिवाय राहू नका. ३० दिवस हुकले तर पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि तोवरची बिलं तुमच्या माथी. आईचं बिल आणि बाळाचं बिल वेगळी येतात.

आईबाबा दोघांनाही नोकरीतून विमा असेल आणि बाळाला दोन्हींत घातलं असेल, तर आधी कोणाचा विमा देणार? सर्वसाधारण नियम असा की ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा विमा मुख्य. वय मोजत नाहीत, फक्त महिना आणि तारीख. बाबाचा मार्चमध्ये आणि आईचा ऑगस्टमध्ये असेल तर बाबाचा विमा आधी. दुसरा विमा आहे हे दोन्ही कंपन्यांना कळवा, नाहीतर दोघीही क्लेम अडवून धरतात.

पडताळा, पंचविसाव्या दिवशी: विम्याच्या पोर्टलवर बाळाचं नाव दिसतं का? जन्मतारीख बरोबर आहे का? पीसीपी तुम्ही निवडलेलाच आहे का? पाच दिवस हाताशी आहेत तोवरच हे बघा.

## पायरी ६: भारतातून मूल घेऊन आला असाल तर

पहिल्या भेटीला लसीकरणाचं मूळ कार्ड न्या, आणि त्यासोबत स्वतः टाइप केलेली यादी, ज्यात महिना अक्षरांत लिहिलेला असेल. कारण सांगते. समजा मूल २० जून २०२१ चं आहे आणि गोवराची लस कार्डावर ०५/०७/२०२२ अशी नोंदलेली आहे. आपण ती ५ जुलै वाचतो, म्हणजे पहिल्या वाढदिवसानंतरची. इथली नर्स ती ७ मे वाचते, म्हणजे वाढदिवसाच्या आधीची. इथे वर्षाच्या आत दिलेला गोवराचा डोस शाळेच्या हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे दिलेली लस वाया गेल्यासारखी होते आणि मुलाला पुन्हा सुई टोचतात. त्याच नियमाने आपल्याकडे नवव्या महिन्यात दिलेला डोस इथे मोजला जात नाही, त्यावर वाद घालू नका.

बीसीजी दिलेली आहे हे आवर्जून सांगा. शाळेसाठी टीबीची तपासणी सांगितली तर बीसीजीमुळे त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. दोन वर्षांवरच्या मुलांसाठी रक्ताची चाचणी करता येते, ती मागा.

शाळेचे आणि डेकेअरचे फॉर्म डॉक्टरच्या सहीशिवाय चालत नाहीत आणि ऑगस्टमध्ये सगळ्यांना एकदमच ते हवे असतात. अपॉइंटमेंट जूनमध्ये मागा.

## पायरी ७: डॉक्टर ठरल्यावर, प्रत्येक भेटीत

वेल व्हिजिट, म्हणजे ठरलेली तपासणी आणि लसी, बहुतेक प्लॅनमध्ये इन-नेटवर्क असेल तर फुकट. पण "आलोच आहोत तर हा खोकलाही दाखवू" म्हटलं की त्याच भेटीचा दुसरा भाग आजाराची भेट म्हणून बिलात येऊ शकतो आणि त्याला कोपे (दर भेटीची ठरलेली रक्कम) किंवा डिडक्टिबल (विमा द्यायला लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम) लागतं. दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, फक्त बिल कशामुळे आलं ते माहीत असू द्या.

रक्त तपासायला दिलं तर "सॅम्पल कोणत्या लॅबला जाणार?" हे सुई टोचण्याआधी विचारा. डॉक्टर नेटवर्कमध्ये असून लॅब बाहेरची असते.

रेफरल आणि प्रायर ऑथोरायझेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेफरल तुमचा पीसीपी देतो, ऑथोरायझेशन, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, विमा कंपनी देते. एक मिळालं म्हणजे दुसरं मिळालं असं नसतं. रेफरलवर किती भेटी आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहिलेलं असतं. स्पीच थेरपीसारखं महिनोन्महिने चालणारं काही असेल तर शेवटच्या भेटीच्या दोन आठवडे आधी नवीन मागा.

खरी इमर्जन्सी असेल तर यातलं काहीही आठवत बसू नका. जवळच्या इमर्जन्सी रूममध्ये जा. आधी परवानगी लागत नाही, आणि हॉस्पिटल नेटवर्कबाहेरचं असलं तरी तुमचा वाटा इन-नेटवर्क दरानेच धरतात.

आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले असतील आणि तुम्ही दोघं कामावर असाल, तर त्यांनी नातवाला डॉक्टरकडे नेण्यासाठी तुमचं लेखी संमतीपत्र डॉक्टरच्या ऑफिसात आधी देऊन ठेवा. फॉर्म बहुधा तिथेच मिळतो. संमतीपत्र नसेल तर आजीला मुलासह परत पाठवतात, आणि परक्या देशात ते तिला फार लागतं.

पडताळा: प्रत्येक भेटीनंतर विमा कंपनीकडून ईओबी, म्हणजे कोणी किती द्यायचं याचा हिशेब, येतं. त्यावर 'हे बिल नाही' असं लिहिलेलं असतं. डॉक्टरचं बिल आलं की ते ईओबीशेजारी ठेवून 'पेशंटचा वाटा' ही रक्कम जुळते का बघा. जुळल्याशिवाय पैसे भरू नका.

## पायरी ८: डॉक्टर बदलायचा असेल किंवा नकार आला तर

पीसीपी वर्षाच्या मध्येही बदलता येतो. पण बऱ्याच एचएमओत बदल पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होतो. नवीन डॉक्टरची अपॉइंटमेंट त्याआधीची घेऊ नका.

डॉक्टरच नेटवर्कमधून बाहेर पडला आणि मुलाचा गंभीर आजाराचा उपचार चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर त्याच डॉक्टरकडे ९० दिवसांपर्यंत इन-नेटवर्क दराने उपचार चालू ठेवण्याची सोय कायद्यात आहे. ती मागावी लागते.

क्लेम नाकारला तर आधी डॉक्टरचं ऑफिस आणि विमा कंपनी, दोन्हीकडे फोन करा. नावाची किंवा जन्मतारखेची चूक असेल तर तिथेच निकालात निघते. नाही निघाली तर नकाराची सूचना मिळाल्यापासून १८० दिवसांत लेखी अपील करा. आधीच झालेल्या उपचाराबद्दल असेल तर कंपनीला ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, अजून व्हायच्या उपचारासाठी ३० दिवसांत, आणि तातडीचं असेल तर ७२ तासांत. तरीही नकार आला आणि प्रश्न वैद्यकीय गरजेचा असेल, तर ४ महिन्यांच्या आत बाहेरच्या तटस्थ परीक्षणाची मागणी करता येते. अपिलासोबत वहीतल्या नोंदी, स्क्रीनशॉट आणि डॉक्टरचं पत्र जोडा.

जुन्या ऑफिसातून लसीकरणाची नोंद आणि वाढीचे तक्ते मागून घ्या. नवीन ऑफिसला ते पोहोचले का, हे पहिल्या भेटीच्या आठवडाभर आधी फोन करून विचारा. पाठवले असं जुन्या ऑफिसने सांगितलं तरी विचारा.